चौकशीला आलेलं नाव

"ह्या घरात विठाबाई कोंडाजी काशीद नावाची बाई राहते का?" शिपायानं दारात उभं राहून विचारलं, आणि बयाबाईच्या हातातलं दुधाचं माप चरवीच्या तोंडावर जिथल्या तिथं थांबलं. थेंब सांडला नाही. लोणावळ्यातल्या बंगल्यांना जन्मभर दूध घातलेला हात तो, धरणीकंप झाला तरी सांडायचा नाही. पण आत कुठंतरी, अंधारात पायरी आहे म्हणून पाय टाकावा आणि पायरीच नसावी, तसं झालं. शिपाई नवा होता, मफलरीत तोंड बुडवलेला, मार्गशीर्षातल्या धुक्यानं मिशा ओल्या झालेला. त्याच्या हातात कागद होता आणि कागदावर ते नाव होतं. त्यानं ते पुन्हा एकदा म्हटलं, शाळेत हजेरी घेतात तसं, ना आदर ना अनादर. "न्हाई," बयाबाई म्हणाली. "असल्या नावाची बाई ह्या घरात न्हाई." शिपाई घुटमळला. "नक्की ना, मावशी? शेजारीपाजारी असेल." "माझ्या घरातली माणसं आता तू मला मोजून देनार व्हय रं?" तो हसला, पेन्सिल जिभेला लावून त्यानं कागदावर काहीतरी खरडलं आणि धुक्यात गेला. बयाबाईनं माप भरलं, ओतलं, पुन्हा भरलं. गेणू गडी किटल्या घेऊन बंगल्यांच्या वाटेला लागला तेव्हा तिच्या ध्यानात आलं, की आपण पारशिणीच्या किटलीत एक माप जास्त घातलं. बयाबाई केदारणीच्या हातून असं कधी झालं नव्हतं. कमी तर नाहीच, पण जास्तही नाही.

मग ती चुलीपुढं बसली आणि बसूनच राहिली. शिपाई येणार हे तिला ठाऊक होतं. त्याला काय सांगायचं हेही तिनं मनात घोळवून ठेवलं होतं, गोठ्यात शेण काढताना म्हशींना दोनदा म्हणूनही दाखवलं होतं: लीलाबाई माझी सून, इथंच राहते, वागणुकीला सोन्यासारखी, डाक्टरच्या दवाखान्यात कामाला जाते, कुणाच्या अध्यात न्हाई मध्यात न्हाई. इतकं चांगलं ती सुनेबद्दल सुनेच्या तोंडावर कधी बोलली नव्हती, बोलणारही नव्हती. पण सरकारला सांगायला हरकत काय? आणि मेल्यानं नेमकं सुनेचं माहेरचं, ते दुसरंच नाव काढलं. त्यातलं पहिलं नाव बयाबाईच्या सासूचंही होतं. सासूला जाऊन पुष्कळ वर्षं झाली, तिच्या हाडांची माती झाली, पण तिचं नाव अजून बयाबाईच्या जिभेवर चढलं नव्हतं. सासूचं नाव, सासऱ्याचं नाव, नवऱ्याचं नाव, ही तोंडात घ्यायची नावंच नव्हेत. नवऱ्याचं निदान उखाण्यात घेता येतं. सासूच्या नावाला तेवढीही वाट नाही. कुसगावात नवी नवरी होऊन आली तेव्हापासून तिनं देवळातल्या विठोबालाही विठोबा म्हटलं नव्हतं, 'तो इटंवरचा' म्हणायची, आणि सासू पलीकडून करवादायची, "देवाला तरी नीट हाक मार गं, त्यो काय तुझ्या माहेरचा सालगडी हाय?" मग जीभ टाळूला चिकटली ती आज चिकटली असं कसं म्हणायचं? ती तर जन्मभर चिकटलेलीच होती. एवढं स्वतःला सांगून झाल्यावर तिला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. चुलीवरचं दूध वर आलं, तिनं पदरानं भांडं उतरवलं, आणि उतरवताना एक गोष्ट, न बोलावता आलेल्या पाहुण्यासारखी, पुढ्यात येऊन बसली: 'न्हाई' म्हणताना आपल्याला हलकं वाटलं होतं.

डॉक्टर गंगाधरपंत महिनाभरापूर्वी ह्याच पाटावर बसून चहा पिऊन गेले होते. गावातला मोठा माणूस घरी आला म्हणून तिनं कपबशी काढली, पण बोलण्यात काही कमी केलं नाही. चीनमध्ये लढाई चालली आहे, जपान्यांनी गावंच्या गावं जाळली, जखमींच्या शुश्रूषेला इथून एक पथक जायचंय, पुण्यामुंबईचे डॉक्टर आहेत, दोन नर्सेस हव्यात आणि लीलाबाईंनी आपणहून नाव दिलंय, असं ते म्हणाले. बयाबाईनं सुनेकडं पाहिलं. सून दाराच्या चौकटीला टेकून पायाच्या अंगठ्यानं जमीन टोकरत होती, म्हणजे ठरलेलं होतं. "मग जाऊ द्या की," बयाबाई म्हणाली, "आगगाडीनं जायाचं का बैलगाडीनं?" डॉक्टर समजूतदार, त्यांनी टोमणा चहाबरोबर गिळला. "बोटीनं. पण नुसतं बोटीत बसून चालत नाही, बयाबाई. परमुलखात जायचं तर पासपोर्ट लागतो, त्यासाठी पोलीस घरी येऊन चौकशी करतात. त्यात कुठल्या देशात जायचं ते लिहिलेलं असतं. चीन लिहिलं तर चीनच. वाटेत एखादं बंदर आवडलं म्हणून उतरून राहता येत नाही. शिवाय त्यांच्या वकिलातीचा शिक्का घ्यायचा, त्याला व्हिसा म्हणतात. म्हणजे आपलं सरकार जाऊ देतं आणि त्यांचं सरकार येऊ देतं, असे दोन उंबरे." "नवरीला बी एकच वलांडावा लागतो," बयाबाई म्हणाली. "आणि ह्या स्वयंसेविका म्हणून जाणार. तिथे पगार घ्यायचा नाही, नोकरी धरायची नाही, पथकाचं काम संपलं की परत यायचं, तसं लिहून द्यायचं. नोकरीच करायची असती तर त्याचा परवाना निराळा." तेव्हा मात्र बयाबाईनं कपाळावर हात मारला. "म्हंजी फुकट राबायला बी सरकारची परवानगी लागती? मी ह्या घरात जलमभर फुकट राबले, मला कुनी शिक्का मारला न्हाई तो!" डॉक्टर खळखळून हसले, सूनही तोंडाला पदर लावून हसली. आणि त्या हसण्यातच बयाबाईला कळलं, की ही पोर जाणार. तिनं एकच विचारलं, "आन् कागद न करता गेली तर?" डॉक्टर गंभीर झाले. "अडवतील. नाही अडवलं तर जास्त वाईट. तिकडे आजारी पडली, हरवली, गोळी लागली, तर कुठल्या सरकारनं कुणाला शोधायचं? कागदावर नाव असलं म्हणजे माणसाच्या कमरेला दोर बांधलेला असतो. विहिरीत उतरणाऱ्याला बांधतात, तसा."

सुनेच्या लग्नात ताटात तांदूळ पसरले होते. आंबेमोहोर, घरच्या खाचरातला, मुद्दाम उखळात पुन्हा न सडलेला, अंगठीनं लिहिलेलं नीट उमटावं म्हणून. महिपती तिचा एकुलता एक, चार बुकं शिकलेला, अंगठी धरून वाकला आणि म्हणाला, "आई, काय लिवू?" नवरीचं माहेरचं नाव कानावर आलं तेव्हाच बयाबाईनं ठरवलं होतं की हे नाव घरात चालायचं नाही. सुनेला हाक तरी कशी मारणार? दिवसातनं पन्नास वेळा सासूचं नाव घेणार? तिनं एका शेटच्या बंगल्यात ऐकलेलं नाव सांगितलं, लीला. त्या बंगल्यातली लीला पायात सपाता घालून गुलाबाच्या झाडांतनं फिरायची आणि तिला कुणी ओरडत नसे. बयाबाईला वाटलं होतं, आपण पोरीला नवं कोरं लुगडं द्यावं तसं नाव दिलं. महिपतीनं लिहिलं. इंदुरीच्या कोंडाजी काशिदाची पोर मान खाली घालून ताटाकडं बघत होती, आणि तिला अक्षर येत नव्हतं, त्यामुळं आपलं काय झालं हे तिला लोकांनी मोठ्यानं म्हटल्यावर कळलं. मग तांदूळ पुन्हा सारखे केले. वर्ष झालं नाही तोच महिपतीला मुदतीचा ताप आला आणि तो गेला. कोंडाजी येऊन लेकीला घेऊन गेला, तळेगावच्या इस्पितळात त्यानं तिला कामाला आणि शिकायला घातलं, आणि नाव लिहिताना त्याला जे ठाऊक होतं ते सांगितलं. बापाला दुसरं नाव आठवणारच कसं? दुसरं नाव त्यानं दिलं नव्हतं. शिकून, दाखला घेऊन पोर एके दिवशी पत्र्याची पेटी डोक्यावर घेऊन परत इथंच आली. कुणी बोलावलं नव्हतं. "आत्या, मी हितं ऱ्हाते," एवढंच म्हणाली. बयाबाई म्हणाली, "ऱ्हा. म्हशीला आंबोन टाक आधी." दोघींनी त्यानंतर ह्या विषयावर शब्द काढला नाही, पण त्या दिवसापासून घरातल्या हाकेला पुन्हा ओ येऊ लागली. तीच ओ आता बोटीत बसून चालली होती. चुलीपुढं बसून बयाबाईनं हे सगळं उलटसुलट करून पाहिलं, गोधडीचा टाका कुठं चुकला ते बघावं तसं, आणि शेवटी तिला जुनीच गोष्ट नवी असल्यासारखी आठवली. तिलाही माहेरी दुसरं नाव होतं. ठकू. भाऊ राखेत काडीनं अक्षरं काढून द्यायचा आणि म्हणायचा, ठकू, गिरव. त्या नावानं हाक मारणारं आता कुणी जिवंत नव्हतं. एखादा शिपाई दारात येऊन ठकू कोण म्हणाला असता तर? तीच म्हणाली असती, असल्या नावाची बाई ह्या घरात न्हाई. आणि ते खोटंही झालं नसतं.

चारपाच दिवस असेच गेले. सून दवाखान्यात जायची, यायची, गावात शिवून घेतलेला लोकरीचा सदरा पेटीत घालायची, काढायची. तिचा फोटो काढून झाला होता. कपाळ मोकळं, डोळे समोर, जणू कुणीतरी हिशेब विचारलाय आणि तिच्याकडं तो तयार आहे. बयाबाई म्हणाली, "मेल्यानं फोटू काढला का चोर धरला?" आणि नंतर सून नसताना तो फोटो पुन्हा पाहिला. सांगून टाकावं असं रोज सकाळी वाटे, आणि दूध मोजून झालं की वाटेनासं होई. मग एक दिवस ऊन उतरताना सून आली, पाय धुतले आणि उंबऱ्यातच बसली, आत आली नाही.

"आत्या, शिपाई आलता?"

"आलता."

"डाक्टर म्हनत्यात, चौकशीत लिवून आलंय, ह्या पत्त्यावर ही बाई ऱ्हात न्हाई. कागद माघारी चाललाय." कुणाचा ताप किती चढला हे ती ज्या आवाजात सांगायची त्याच आवाजात तिनं हे सांगितलं.

"त्यानं लीलाबाई म्हनून इचारलं आसतं तर मी सांगितलं नसतं व्हय?"

"लीलाबाई कशी लिवनार? दाखल्यावर दुसरं हाय. पथकाच्या कागदात बी त्येच हाय."

"मंग दाखला बदलून आन."

"दाखला बदलूस्तवर बोट जाती, आत्या. संक्रांत झाली की बोट हाय."

गोठ्यात म्हैस साखळी वाजवत होती. सुनेनं लुगड्याच्या काठावरचा एक धागा ओढला, ओढतच राहिली, आणि मान वर न करता म्हणाली, "तुमी मुद्दाम न्हाई म्हनला, का तोंडातनं निघंना?"

पंचांना, सावकाराच्या कारकुनाला, बंगल्यातल्या गोऱ्या मडमेलाही बयाबाईनं जिथल्या तिथं उत्तर दिलं होतं. आता तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं. "मला काय ठावं," ती म्हणाली. "दोन्ही आसंल." सून उठली, आत आली, आणि रोजच्यासारखी भाकरीला बसली. ती रागावली असती तर बयाबाईला सोपं गेलं असतं. रागाला राग देता येतो. पण पीठ मळणाऱ्या त्या हातांकडं बघताना बयाबाईला तो दोर दिसू लागला, डॉक्टरांनी सांगितलेला, कमरेचा. विहिरीत माणूस उतरलंय, वरचं टोक आपल्या हातात दिलेलं आहे, आणि कुणीतरी काठावर येऊन विचारतंय, खाली कोण आहे? आणि आपण म्हणतोय, कुणी नाही. पोर जाणारच, ह्या कागदानं नाही तर पुढच्या, ह्या बोटीनं नाही तर पुढच्या. असल्या पोरी उंबऱ्यात बसल्या तरी त्यांचं निघणं झालेलं असतं. मग तिला अडवणारी मी कोण? पण दोर धरणारी मात्र मीच. तिकडं त्या जळक्या गावात पोर पडली झडली, तर ज्या नावानं तिला हुडकायचं ते नाव मीच पुसलेलं. पहिल्यांदा तांदळात, आणि आता सरकारच्या कागदात.

सकाळी दूध घालून झाल्यावर बयाबाईनं ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसलं. "चल," ती सुनेला म्हणाली, "आन् तितं मधी बोलू नगंस." बाजारातनं जाताना ओळखीची माणसं विचारत होती, बयाबाई, सणासारख्या कुठं? "फौजदाराच्या घरी बारसं हाय," ती म्हणाली, आणि थांबली नाही. फौजदार तरुण होता, पुण्याकडचा, टेबलावर रुमाल अंथरून त्यावर हात ठेवून बसलेला. त्यानं खुर्ची दाखवली. ती उभीच राहिली.

"तुमचा शिपाई आलता आमच्याकडं. त्यानं इचारलेली बाई माझ्याच घरात ऱ्हाती. ही काय, दारात हुबी हाय."

"मग तेव्हा नाही का म्हणालात?" फौजदारानं कपाट उघडून कागद काढले. "आजी, हा पासपोर्टाचा मामला आहे. उद्या वरून मला विचारतील, आधी नाही आणि आता हो, ही काय भानगड?"

"तुमची मंडळी तुमच्या आईला नावानं हाक मारती का?"

"कोण, अरुंधती?" फौजदार गडबडला. "आईला? नावानं? छे."

"मंग? ह्या पोरीचं माहेरचं नाव माझ्या सासूचं हाय. तुमच्या शिपायानं सकाळच्या पारी माझ्या सासूचं नाव घिऊन दारात इचारलं, हाय का घरात. मेलेल्या बाईला हाय म्हनू?"

कोपऱ्यातला मफलरवाला शिपाई खोकल्यासारखं करून हसला. फौजदारही हसू दाबत होता, पण त्यानं दौतीत टाक बुडवला. "समजलं. तरीही जबाबात ते नाव तुमच्याच तोंडून यायला पाहिजे. मी म्हणतो आणि तुम्ही मान हलवा, असं आता नाही चालायचं. ते एकदा झालंय आणि तुम्ही नाही म्हणालात. बोला."

बयाबाईनं तोंड उघडलं. काही आलं नाही. खिडकीबाहेर घाट चढून आलेल्या गाडीचं इंजिन उसासे टाकत होतं, आणि तिला सासू दिसली, जात्याशी बसलेली, ह्या कानाचं त्या कानाला कळू न देणारी, आणि सुनेच्या तोंडातनं चुकून काही निसटतंय का ह्याकडं जन्मभर कान लावून बसलेली. किती मोठा दरारा! आणि तीही पोरगीच कधीतरी. तिच्या आईनं तिला ह्याच नावानं अंगणातनं हाक मारली असेल, दिवेलागणीला, जेवायला ये म्हणून. हे बयाबाईला आजवर कधी सुचलं नव्हतं. नाव काय सासू म्हणून जन्माला येतं? तिनं मागं वळून पाहिलं. दारातली पोर तिच्याकडं बघत होती, फोटोतल्यासारखी, डोळे समोर. बयाबाईनं पदर सावरला, वरमाय मांडवात उभी राहावी तशी ताठ उभी राहिली, आणि सासूच्या नावाला जी वाट कुणी ठेवली नव्हती ती स्वतःच पाडली:

"घाटाखालनं धुकं आलं, घाटावरनं वारा,
विठाचं नाव घेते, फौजदार, तुमी चौकशी आवरा!"

जीभ झडली नाही, छप्पर पडलं नाही. मग मफलरवाला शिपाई म्हणाला, "वा मावशी!" आणि फौजदार टाक हातात धरून म्हणाला, "हे जबाबात लिहू कसं?" "जसं म्हनलं तसं लिवा. आन् पुढं लिवा, ऊर्फ लीलाबाई महिपती केदारी. दोन्ही लिवा. यकाच दोरानं कशाला बांधायचं?" त्यानं लिहिलं. वर्तणूक कशी म्हणून विचारलं, तेव्हा म्हशींना म्हणून दाखवलेलं सगळं तिनं सांगून टाकलं, सुनेच्या देखत, सोन्यासारखी हाय हेसुद्धा, आणि सुनेला फार चढू नये म्हणून शेवटी जोडलं, "भाकरी तेवढी कडंला कच्ची ऱ्हाती." परत येईल याची खात्री आहे का, असा त्याचा शेवटचा प्रश्न होता. "ते तिला इचारा," बयाबाई म्हणाली. "मला इचाराल तर मी म्हननार, दार उघडं हाय." अंगठ्यासाठी त्यानं शाईची गादी पुढं केली, तिनं ती बाजूला सारली आणि टाक मागितला. राखेत गिरवलेली अक्षरं होती, एकेक सावकाश उतरली. फौजदारानं शाई टिपायला कागदावर वाळूची पूड टाकली. आजच पुण्याला पाठवतो म्हणाला.

परतताना दोघी कुसगावच्या अंगाला वळणाऱ्या रस्त्यानं चालत होत्या. धुकं उठलं होतं, कापलेल्या खाचरांतनं ऊन पसरलं होतं आणि पेंढ्यांचा वास येत होता. बयाबाईला जिभेवर काहीतरी नवं वाटत होतं, पडलेल्या दाताच्या जागी जीभ जाते तसं. बयाबाईला राहवलं नाही. "तुलाच एकटीला दोन नावं हायती आसं समजू नगंस," ती म्हणाली. "मला बी व्हतं माहेरी. ठकू." सुनेनं चालता चालता वळून पाहिलं, आणि पहिल्यांदाच कुणीतरी नवं माणूस भेटावं तसं तिच्याकडं पाहत राहिली. "पुढं बघ, ठेच लागंल," बयाबाई म्हणाली.

घरी आल्यावर रोजचं सगळं रोजच्यासारखं झालं. गेणूनं म्हशी बांधल्या, धारा निघाल्या, पेटी उघडली गेली आणि लोकरीचा सदरा पुन्हा एकदा आत गेला, ह्या वेळी बाहेर आला नाही. दिवे लागायची वेळ झाली. बयाबाई चुलीपुढं बसून काड्याची पेटी शोधत होती, सून गोठ्यात होती. 'लीले' असं तोंडाशी आलं, आणि तिथंच थांबलं. ही हाक पोरीनं पाठ केली आहे, पण तिकडं समुद्रापलीकडं ती कुणी मारणार नाही. तिथं दुसरीलाच ओ द्यायची तिला सवय हवी.

"विठे," बयाबाईनं हाक मारली. "दिवा लाव गं."

गोठ्यातनं काही आलं नाही. म्हैस फुरफुरली. तिला ऐकू गेलं नाही, का ऐकू जाऊनही पटलं नाही, कोण जाणे. बयाबाईनं पुन्हा हाक मारली, आता चांगली अंगणभर, शेजारणीलाही जावी अशी. "ए विठे!"

"आले, ठकूबाई!" गोठ्यातनं आवाज आला.

बयाबाई ताडकन उठली. "कार्टे, सासूचं नाव घेतीस?"

"न्हाई की," सून दारात येऊन उभी राहिली, हातात कंदील, चेहरा उजेडात, हसू ओठांत मावत नव्हतं. "माझ्या सासूचं नाव बयाबाई. त्ये मी कशाला घीन?"

बयाबाईनं तोंड उघडलं. मग ती तशीच खाली बसली आणि म्हणाली, "ओ."